पेण-रोह्यात आग लागली तर बंब कुणाचा येतो, आणि त्यात माणसं किती असतात?

तारीख होती १२ सप्टेंबर २०२४. सकाळी अकराच्या सुमारास रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत साधना नायट्रो केम या कंपनीत मिथेनॉलच्या टाकीचा स्फोट झाला. तीन कामगारांचा जीव गेला, तिघे जखमी झाले.

त्याच्या दहा महिने आधी, ३ नोव्हेंबर २०२३ ला, याच रायगड जिल्ह्यात महाडच्या एमआयडीसीत ब्लू जेट हेल्थकेअर कंपनीत स्फोट होऊन आग लागली होती. त्यात ११ कामगार गेले. आणि रोहा तालुक्यातल्या जुन्याजाणत्यांना विचाराल, तर ते तुम्हाला ५ नोव्हेंबर १९९० ची आठवण सांगतील. त्या दिवशी नागोठण्याच्या आयपीसीएल प्रकल्पात गॅसगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून जास्त माणसं गेली.

अशा प्रत्येक बातमीत एक ओळ हमखास असते. 'अग्निशमन दलाच्या गाड्या घटनास्थळी दाखल झाल्या.'

आपण ती ओळ वाचतो आणि पुढे जातो. पण त्या गाड्या कुणाच्या असतात? कुठून येतात? एका गाडीत माणसं किती असतात? आणि गाडीत फक्त पाणीच असतं की अजून काही? पेण आणि रोहा ही दोन गावं डोळ्यांसमोर ठेवून हे सगळं समजून घेऊया.

सगळ्यात आधी, अग्निशमन दल असतं कुणाचं?

आपल्याला वाटतं की पोलीस जसे राज्य सरकारचे, तसंच अग्निशमन दलही राज्य सरकारचं असणार. महाराष्ट्रात तसं नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. शहरातल्या स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ कामांची ती यादी आहे आणि त्यात अग्निशमन सेवा आहे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातही आग विझवणं आणि आगीच्या वेळी जीवित-वित्ताचं रक्षण करणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य सांगितलंय. म्हणजे रस्ता, पाणी, कचरा, दिवाबत्ती हे जसं नगरपरिषदेचं काम, तसाच आगीचा बंब ठेवणं हेही तिचंच काम.

शेजारच्या गोव्यात आणि दिल्लीत वेगळी पद्धत आहे. तिथे अख्ख्या राज्याचं एकच अग्निशमन दल आहे. आपल्याकडे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आहे, पण ते प्रामुख्याने नियम, प्रशिक्षण, परवाने आणि मार्गदर्शन बघतं. बंब आणि माणसं ज्याची त्याने ठेवायची.

त्यामुळे पेण-रोहा पट्ट्यात एक दल नसून वेगवेगळ्या मालकांची दलं आहेत.

एक, नगरपरिषदेचं दल. पेण नगरपरिषद आणि रोहा अष्टमी नगरपरिषद. या दोघांची हद्द म्हणजे शहराची हद्द.

दोन, एमआयडीसीचं दल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्वतःची अग्निशमन सेवा आहे आणि धाटावसारख्या रासायनिक वसाहतीत तिचं केंद्र असतं.

तीन, कंपन्यांची स्वतःची दलं. पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद प्रकल्प आहे. रोहा तालुक्यात नागोठण्याला पूर्वीचा आयपीसीएल, आताचा रिलायन्सचा प्रकल्प आहे. इतक्या मोठ्या प्रकल्पांना स्वतःची अग्निशमन व्यवस्था ठेवावीच लागते.

आणि चार, मदतीला येणारे शेजारी. अलिबाग, खोपोली, पनवेल, अगदी नवी मुंबईसुद्धा.

आता गंमत बघा. पेणच्या गणपतींचं नाव जगभर आहे. पण मूर्तींचे बरेचसे कारखाने पेण शहरात नाहीत, ते हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांमध्ये आहेत. तिथे काय काय असतं? रंग, थिनर, काथ्या, पॅकिंगचा पेंढा, बांबू, ताडपत्रीचे मांडव. पटकन पेटणारं सगळं एकाच छपराखाली. आणि ही गावं ग्रामपंचायतीत येतात. ग्रामपंचायतीकडे स्वतःचा बंब ठेवण्याइतका पैसा नसतो. मग तिथे आग लागली की फोन जातो पेण नगरपरिषदेला. म्हणजे शहराच्या घरपट्टीतून चालणारी गाडी आजूबाजूची गावंही सांभाळते, आणि वरून मुंबई-गोवा महामार्गही.

गाडी किती लोकांमागे एक?

केंद्राच्या अग्निशमन सल्लागार परिषदेचे जे निकष नेहमी सांगितले जातात, त्यात साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक पाण्याचा बंब धरलाय. घटनास्थळी पोहोचायला शहरात साधारण ५ मिनिटं आणि ग्रामीण भागात २० मिनिटं असा अंदाज धरलाय.

२०११ च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या ३८ हजारांच्या आसपास होती, रोहा अष्टमीची २१ हजारांच्या आसपास. म्हणजे या हिशेबाने प्रत्येकी एक गाडी असली तरी गणित जमलं.

पण हा हिशेब फक्त शहरात राहणाऱ्यांची डोकी मोजतो. वडखळ नाक्यावरून जाणारे टँकर त्यात नाहीत. धाटावच्या टाक्या त्यात नाहीत. हमरापूरचे कारखाने त्यात नाहीत. लोकसंख्या लहान आणि धोका मोठा, ही या पट्ट्याची खरी अडचण आहे.

आता खरा मुद्दा, एका गाडीला माणसं किती लागतात?

नवीन बंब आला की काय होतं? हार घालतात, नारळ फोडतात, फोटो येतो. पण तो बंब रात्री तीन वाजता बाहेर काढायला किती माणसं पगारावर आहेत, हे त्या फोटोत दिसत नाही.

एक साधा हिशेब करू. पाण्याच्या बंबावर साधारण सहा जणांचं पथक धरतात. एक पथकप्रमुख, ज्याला लीडिंग फायरमन म्हणतात. एक चालक, जो गाडी थांबल्यावर पंपही चालवतो. आणि चार फायरमन.

आठ तासांची एक पाळी धरली तर दिवसाला तीन पाळ्या. सहा गुणिले तीन, झाले १८.

पण माणसाला आठवड्याची सुट्टी लागते. सातपैकी सहा दिवस काम धरलं तर १८ चे २१ होतात. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण धरा. आकडा २३-२४ वर जातो.

म्हणजे फक्त एक गाडी चोवीस तास, वर्षभर तयार ठेवायची तर दोन डझन माणसं लागतात. दोन गाड्या एकाच वेळी बाहेर काढायच्या असतील तर चार डझन.

गाडी एकदाच विकत घ्यावी लागते. पगार दर महिन्याला द्यावा लागतो. आणि लहान नगरपरिषदेचं गाडं नेमकं इथेच अडतं. गाडीसाठी सरकारी योजनेतून पैसे मिळू शकतात. १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. तिचा भर केंद्रं, उपकरणं आणि प्रशिक्षण यांवर आहे. रोजचा पगार मात्र ज्याचा त्यालाच द्यायचा आहे. मग बऱ्याच लहान नगरपरिषदा ठेकेदारामार्फत माणसं घेऊन वेळ भागवतात.

माणसं कमी असली तर काय बिघडतं?

समजा, गाडीत तीनच जण आलेत. चालक पंपाजवळून हलू शकत नाही, कारण पाण्याचा दाब तोच सांभाळतो. उरले दोन. पाण्याने भरलेला, दाबाखालचा होज एकट्याने धरून हलवणं अवघड असतं. मग दोघंही होजवर. आत कुणी अडकलंय का, हे बघायला कोण जाणार?

अमेरिकेत यासाठी एक साधा नियम आहे. दोघं आत गेले तर दोघं बाहेर तयार हवेत, आतल्यांना काही झालं तर त्यांना काढायला. तिथल्या मानकात एका बंबावर किमान चार जण सांगितलेत ते यासाठीच. तीन माणसांचा बंब बाहेरून पाणी मारू शकतो, पण आत शिरायचं तर त्या फायरमनला स्वतःचा जीव पणाला लावावा लागतो.

आणि माणूस नुसता धडधाकट असून चालत नाही. आपल्याकडे फायरमनसाठी दहावीनंतर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो, तो सांताक्रूझ-कलिनाच्या राज्य प्रशिक्षण केंद्रात चालतो. त्याच्या वरच्या अधिकाऱ्यासाठी एक वर्षाचा. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. धाटावसारख्या ठिकाणी हे शिक्षण किती महत्त्वाचं, ते पुढे कळेल.

बंबात नेमकं असतं काय?

सर्रास दिसणारा बंब म्हणजे वॉटर टेंडर. टाकी साधारण ४,५०० लिटरची. ऐकायला भरपूर वाटतं. पण एका होजमधून मिनिटाला ४५० लिटर पाणी सुटलं, तर टाकी दहा मिनिटांत रिकामी. दोन होज लावले तर पाच मिनिटांत.

पुढे काय? एक तर मोठा टँकर येऊन बंबाला पाणी देत राहतो, नाहीतर बंब जवळच्या हायड्रंटवर, तलावावर किंवा नदीवर जाऊन भरून येतो. रोह्याला कुंडलिका आहे, पेणला भोगावती आहे. पण नदी असून उपयोग नाही, बंब काठापर्यंत नेता आला पाहिजे आणि पाणी ओढून घ्यायची सोय पाहिजे. बंब 'पाणी संपल्यामुळे परत गेला' असं लोक चिडून सांगतात ना, त्यात बऱ्याचदा चूक फायरमनची नसते, दुसऱ्या टँकरची सोय नसते.

पाण्याशिवाय फोम असतो. पेट्रोल, डिझेल, थिनर असल्या आगीवर नुसतं पाणी मारलं तर पेटतं तेल पाण्यावर तरंगत पसरतं. फोम वरून गादीसारखा बसतो आणि हवा तोडतो.

पण सगळ्या आगींना एकच फोम चालत नाही. मिथेनॉलचंच बघा. मिथेनॉल पाण्यात विरघळतं, त्यामुळे साधा फोम त्यावर टिकत नाही, फुटून जातो. त्यासाठी अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम लागतो. त्यात मिथेनॉलची ज्वाला फिकट निळी असते, भर उन्हात ती नीट दिसतही नाही. कुठे जळतंय हे डोळ्यांनी न कळणारी आग. धाटावला पोहोचलेल्या माणसाला हे माहीत असणं आणि गाडीत तोच फोम असणं, दोन्ही गरजेचं.

तिसरी गोष्ट, बीए सेट. पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क. रासायनिक धुरात आत जायचं तर याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एका सिलिंडरवर साधारण अर्धा तास काम होतं, धावपळ जास्त असेल तर त्याहून कमी. त्यामुळे सेट किती आहेत एवढंच विचारून भागत नाही, भरलेले जादा सिलिंडर किती आहेत हेही विचारावं लागतं.

आणि महामार्गावर गॅसचा टँकर उलटला तर? तिथे तर सगळं उलटंच. गळणारा गॅस पेटला असेल तर गळती बंद झाल्याशिवाय ती ज्वाला विझवायची नसते. कारण विझवली आणि गॅस गळतच राहिला, तर तो आजूबाजूला साचतो आणि ठिणगी मिळाली की एकदम भडका उडतो. अशा वेळी दल टाकीवर पाणी मारून ती थंड ठेवतं आणि लोकांना लांब नेतं. लांबून मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याला वाटतं, 'हे विझवत का नाहीत?' ते त्यांचं काम बरोबर करत असतात.

फोन वाजल्यावर काय होतं?

मुंबईत फोन मुख्य नियंत्रण कक्षात जातो. आग किती मोठी त्यावर 'लेव्हल' ठरते. बातम्यांत 'लेव्हल २ ची आग' असं ऐकलं असेल. लेव्हल वाढली की जादा बंब, टँकर, शिडीच्या गाड्या आसपासच्या केंद्रांतून निघतात. सगळे एकाच दलाचे, एकाच वायरलेसवर. या दलाला १८८७ पासूनचा इतिहास आहे. १४ एप्रिल १९४४ च्या गोदी स्फोटात त्याचे ६६ जवान गेले आणि त्यांच्याच आठवणीत देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

पेण किंवा रोह्यात पहिला बंब नगरपरिषदेचा निघतो. तो पुरला नाही तर दुसरा बंब दुसऱ्या संस्थेकडे मागावा लागतो. एमआयडीसीला फोन, कंपनीला फोन, शेजारच्या नगरपरिषदेला फोन, तहसीलदारांना फोन. प्रत्येकाचा साहेब वेगळा. आणि मदत द्यायची तर त्याची स्वतःची हद्द तेवढा वेळ उघडी पडते.

अंतरही बघा. पेणहून नागोठण्यामार्गे रोहा म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, मध्ये भिसे खिंड. जड गाडीने सरासरी ताशी ४० चा वेग ठेवला तरी एक तास. म्हणजे रोह्याच्या आगीत पेणचा बंब पहिल्या तासात धरताच येत नाही. तो येईल तेव्हा आग विझवायला नाही, थकलेल्या माणसांची जागा घ्यायला येईल. त्याचंही महत्त्व आहे, पण पहिल्या २० मिनिटांत जे काही करायचं ते जवळच्यांनाच करायचंय.

म्हणूनच रासायनिक वसाहतींसाठी कायद्याने आधीच तयारी सांगितलीय. १९८९ च्या घातक रसायन नियमांनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायनं साठवणाऱ्या कंपनीने आतला आपत्कालीन आराखडा करायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याचा सराव घ्यायचा. कुंपणाबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा, त्याचा सराव वर्षातून एकदा. भोपाळनंतर आलेल्या या नियमांना १९९६ मध्ये जिल्हा आणि स्थानिक संकट गटांची जोड मिळाली. कोणती कंपनी कोणता फोम देणार, कुणाची गाडी कुठल्या फाटकातून येणार, गावकऱ्यांना कोण कळवणार, हे आग लागायच्या आधी ठरलेलं असावं यासाठी हे सगळं.

मालकाची जबाबदारी वेगळी. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, तो ज्या इमारतींना लागू आहे तिथे अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू ठेवणं हे मालकाचं किंवा वापरणाऱ्याचं काम आहे. ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं.

काम फक्त आगीचं आहे का?

नाही. झाड पडलं, विहिरीत माणूस पडला, अपघातात कुणी गाडीत अडकलं, पूर आला, दरड कोसळली, सगळीकडे हेच दल. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर. इर्शाळवाडीच्या मदतीला गेलेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी रात्री डोंगर चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. बंब वर जाऊच शकत नव्हता. वर गेली ती माणसं.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे नंबर. १०१ पाठ असू द्या, ११२ ही चालतो. पण ११२ आधी पोलिसांच्या यंत्रणेत जातो आणि तिथून पुढे निरोप जातो. म्हणून आपल्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचा आणि जवळ एमआयडीसी असेल तर तिच्या केंद्राचा थेट नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

दुसरं, फोनवर काय सांगायचं. जागा आणि जवळची खूण. काय जळतंय. आत कुणी अडकलंय का. गाडी कुठल्या रस्त्याने आत येईल. आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही. 'लवकर या, मोठी आग आहे' एवढ्यावरून कुठली गाडी काढायची ते समोरच्याला कळत नाही. 'थिनरचे ड्रम आहेत' म्हटलं की कळतं.

तिसरं, प्रश्न विचारा. माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नगरपरिषदेला हे पाच प्रश्न विचारता येतात.

१. अग्निशमन विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, ठेक्यावर किती?
२. रात्रपाळीत एका बंबावर प्रत्यक्ष किती जण असतात आणि त्यातले किती जण प्रशिक्षित आहेत?
३. चालू स्थितीतले बीए सेट किती आणि भरलेले जादा सिलिंडर किती?
४. कोणता फोम किती लिटर आहे आणि त्याची मुदत कधी संपते?
५. एमआयडीसी आणि जवळच्या कंपन्यांसोबत मदतीचा लेखी करार आहे का, शेवटचा एकत्र सराव कधी झाला?

या पाचपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर 'नवीन गाडी घेतली' हे होत नाही. पुढच्या वेळी गावात नव्या बंबाला हार घालताना कुणी दिसलं, तर अभिनंदन जरूर करा. आणि सोबत एवढंच विचारा, आज रात्री या गाडीत बसणार कोण?